मामांचं फसली साल

माझ्या थोरल्या मामांना तीन जन्मतारखा होत्या. एक आजीची, एक शाळेची आणि एक मी काढलेली. आजीची तारीख अशी, "विहिरीचं वरचं बांधकाम ढासळलं त्या उन्हाळ्यात, मिरग तोंडावर होता तव्हा." शाळेची निजामाच्या अमलातली, उर्दूत लिहिलेली: एक अमरदाद, तेराशे चव्वेचाळीस फसली. माझी तारीख मात्र अगदी आधुनिक. ती मशीननं छापली होती, दिवस-महिना-सालाच्या मधे तिरक्या काड्या होत्या, आणि ती चूक होती.

घरात मला 'कंप्युटरवाला' म्हणतात. त्यामुळे लग्नकार्यात कुणाचा मिक्सर बंद पडला तरी तो माझ्यापुढं आणून ठेवतात. मीही उलटासुलटा करून बघतो. न येणारी गोष्ट येते असा चेहरा करणं मला चांगलं जमतं, आणि पुढचं सगळं त्याच्यापायीच घडलं.

तेव्हा मी परभणीत एका सरकारी कार्यालयात लिपिक होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. आता तिथं माझ्यापेक्षा बरी माणसं बसतात. कंप्युटर आला तेव्हा पुण्याला सहा आठवड्यांच्या शिक्षणाला जायला कुणी तयार होईना. माझं लग्न ठरलेलं नव्हतं, म्हणून मला पाठवलं. परत आलो तो प्रोग्रामर होऊन. पगार तोच, पण बसायला गार हवेची खोली, आणि आत येणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या असा नियम. मामा पहिल्यांदा आले तेव्हा दारात चपला काढून, हात जोडून आत डोकावले आणि म्हणाले, "देव कुठं बसवलाय?"

काम असं होतं. जिल्ह्यातल्या आमच्या खात्याच्या सगळ्या माणसांची यादी करायची, कोण कधी निवृत्त होणार ते काढायचं आणि दर महिनाअखेर ती फ्लॉपी वरच्या कार्यालयात पाठवायची. त्यासाठी मी दोन प्रोग्राम लिहिले. काळ्या पडद्यावर 'भरणी' असा हुकूम टाकला की नोंद भरता यायची. 'पाहणी' असा हुकूम टाकला की भरलेली नोंद मशीन पुन्हा तपासायचं. भरणाऱ्यानं पाहणी करायची नाही, ती दुसऱ्यानं करायची, असा नियम मीच केला होता. नियम चांगला होता. पाहणीत 'चुका शून्य' असा कागद निघाला तरच नोंद फ्लॉपीत जायची. एरवी मशीन ती नोंद बाजूला टाकायचं आणि लिहायचं, 'तारीख जुळत नाही'.

आता तपासणी तर दोन्हीकडं एकच हवी. मी ती भरणीत लिहिली आणि शाळेत शेजाऱ्याचा गृहपाठ उतरवावा तशी पाहणीत उतरवून काढली. एकच तपासणी, दोन जागी. एका जागी ठेवून दोन्ही प्रोग्रामांना तीच वापरायला लावता आली असती. पुण्याला ते शिकवलंही होतं. त्या दिवशी बहुतेक मी सिनेमाला गेलो होतो.

आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या सेवापुस्तकात जन्मसाल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं, असायचं. त्याचं इंग्रजी साल करायचं कसं, ते विचारायला मी कचेरीसमोरच्या हॉटेलात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या पेशकारांकडं गेलो. निजामाच्या काळात त्यांनी उर्दू दप्तर सांभाळलं होतं. ते म्हणाले, "पाच सौ नव्वद मिला लेव, हो गया." मी ते लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. त्यानंतर ते आणखी काहीतरी बोलले. मी मान डोलावली. माझं लक्ष भज्यांकडं होतं.

ते काय बोलले हे मला सहा महिन्यांनी कळलं, ते पाहणी करणाऱ्या बाईंकडून. या बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. मशीनला त्या हुकूम टाकण्यापुरताच हात लावायच्या आणि निघालेला कागद लाल पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचायच्या. एकदा वाचायला नोंदींचे कागद उरले नाहीत म्हणून त्यांनी माझा प्रोग्रामच छापून घेतला आणि तोही वाचला.

"अहो प्रोग्रामर," त्या म्हणाल्या, "हे पाचशे नव्वद कुठून आणलं?"

"जाणकाराकडून."

"माझ्या वडलांच्या एका कागदावर तेराशे सत्तावन्न फसली आहे. आपल्याकडं रझाकारी संपली, संस्थान खालसा झालं, त्याच आठवड्यातला कागद. त्यात पाचशे नव्वद मिळवा बरं."

मी मिळवले. सत्तेचाळीस आलं.

"मुक्ती कोणत्या साली झाली?" बाईंनी विचारलं. मराठवाड्यातल्या माणसाला हे विचारणं म्हणजे कानाला धरून उभं करणंच. अठ्ठेचाळीस साली, सप्टेंबरात.

फसली साल ऑक्टोबरात बदलायचं. पहिल्या तीन महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे, पुढच्या नऊ महिन्यांना एक्क्याण्णव. पेशकार हेच सांगत होते. म्हणजे जानेवारीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जन्मलेल्या सगळ्यांना मी एकेक वर्षानं म्हातारं करून ठेवलं होतं. मी लगेच भरणी उघडली आणि महिना बघून नव्वद की एक्क्याण्णव ठरवणारी ओळ घातली.

"पाहणीतही करा," बाई म्हणाल्या.

"हो हो, तेच करायलोय," मी म्हणालो. तेवढ्यात चहा आला.

कसं राहिलं असं मला पुढं अनेकांनी विचारलं. उत्तर एवढंच आहे. चहा आला. आणि ज्या नोंदी आधीच वर गेल्या होत्या त्या काढून दुरुस्त कराव्यात, हे बाईंनी सुचवायच्या आत त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ कागदावर 'चुका शून्य' आहे की नाही एवढंच बघायचे. वाचायचे नाहीत. मला ते बाईंपेक्षा सोयीचे वाटले.

मामा मानवतकडच्या कालव्यावर पाटकरी होते. चारीची गेटं उघडायची, पाळीप्रमाणं पाणी सोडायचं, बंद करायचं. कालव्याच्या कडेला चौकी होती, दोन खोल्या आणि पुढं लिंबाचं झाड. तिथं मामा-मामी राहायचे. वीस वर्षं मामा रोजंदारीवर होते, आज काम आहे, उद्याचं माहीत नाही. त्र्याऐंशीच्या जानेवारीत ते कायम झाले. तेव्हा मामीनं लिंबाखाली सारवून ओटा केला. आता इथून कुणी उठवत नाही, असं म्हणाली. कायम होऊन दहा वर्षं भरली की पेन्शन. मामांच्या तोंडी सालं नसायचीच, "अजून तीन राह्यले," "अजून दोन राह्यले," असंच ते बोलायचे.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत त्यांच्या हाती कागद पडला: येत्या जूनअखेर निवृत्त. म्हणजे कायम होऊन साडेनऊच वर्षं भरणार, पेन्शन नाही. शाळेच्या दाखल्यातला अमरदाद म्हणजे जून; त्याप्रमाणं ते त्र्याण्णवच्या जूनमध्ये अठ्ठावन्नचे होणार होते. एक वर्षाचा फरक, आणि तेवढ्यात सगळं.

ते तसेच माझ्याकडं आले.

"भाचेबुवा, ह्यो कागद तुमच्या देवानं काढला म्हणं. म्या अजून सत्तावन्नचा बी न्हाई."

मी त्यांचं सेवापुस्तक मागवलं, बघितलं आणि ओशाळलो. माझ्या जुन्या पाचशे नव्वदनं केलेली नोंद होती. पण ओशाळलो ते मनात. तोंडानं म्हणालो, "किरकोळ आहे मामा. आता भरणी दुरुस्त केलीय. नवी नोंद टाकतो, महिनाअखेर वर जाईल. जूनच्या आत बदल झाला की झालं."

"आन् जूनच्या आत न्हाई झाला तर?"

"निवृत्तीनंतर जन्मतारीख बदलता येत नाही, असा नियम आहे. पण ते तुम्हाला कशाला? चार महिने आहेत की."

मी नोंद भरली. भरणीनं पस्तीस साल काढलं. बरोबर. महिनाअखेर त्या गृहस्थांनी पाहणी केली. पाहणीत अजून जुनंच होतं, तिनं चौतीस काढलं आणि छापलं, 'तारीख जुळत नाही'. गृहस्थांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि ते डबा खायला गेले.

तो कागद मी वाचायला हवा होता. नोंदीत काय लिहिलंय, मशीन काय म्हणतंय, दोन ओळी तर होत्या. मी काय केलं, तर मामांना पोस्टकार्ड टाकलं: शाळेच्या दाखल्यात गडबड दिसते, नवा उतारा आणावा.

शाळा त्यांच्या जन्मगावी, देवगाव फाट्याच्या पलीकडं. जुनं रजिस्टर उर्दूत, वाचणारं गावात कुणी उरलेलं नाही. त्या वर्षांत नामांतरावरून एसटी कधी आणि कुठं थांबेल याचा नेम नसायचा. एकदा मामा फाट्यावर उतरले ते संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले आणि चालत परत फिरले. शेवटी सेलूहून एक मौलवी सायकलवर बसवून नेले, त्यांच्याकडून वाचून घेतलं, हेडमास्तरांचा शिक्का घेतला. या सगळ्यात एप्रिल गेला. चारीच्या पाळ्या चालू होत्या, त्यामुळे रजा मिळायची ती एकेक दिवसाची.

उताऱ्यात तेच होतं. एक अमरदाद, तेराशे चव्वेचाळीस. मी पुन्हा भरलं. मेअखेर पाहणीनं पुन्हा तेच छापलं.

या वेळी मामीही आली होती. दोघं गार हवेच्या खोलीत स्टुलांच्या काठावर बसले होते. मामीनं पदर घट्ट गुंडाळून घेतला होता.

"मशीन काय म्हणायलंय?" मामांनी विचारलं.

"जुळत नाही म्हणतंय."

"कशाशी जुळत न्हाई?"

हा प्रश्न माझ्या आख्ख्या नोकरीत मला विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न होता. कशाशी? त्याचं उत्तर शोधायला उठलो असतो तर पाच मिनिटांत पाहणी उघडून बघितली असती. मी म्हणालो, "मामा, माणूस चुकतो. मशीन खोटं बोलत नाही."

मामा पंख्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "मंग माय खोटं बोलली आसंल. मिरगाच्या तोंडावर म्हणायची. मिरगच आगूदर आला आसंल त्या साली."

मामी म्हणाली, "सासूबाई खोटं न्हाई बोलायच्या." एवढंच. माझ्याकडं बघून नाही, पंख्याकडंच बघून.

तीस जूनला मामांनी गेटाचं हँडल नव्या माणसाच्या हातात दिलं. चौकी रिकामी करायची होती. मी मदतीला गेलो होतो. सामान फार नव्हतंच. मामीनं जाताना ओटा सारवला. नव्या माणसाची बायको म्हणाली, "राहू द्या की काकू, आमी सारवू." मामी म्हणाली, "अर्धा सारवल्याला सोडू का?" आणि कडेपर्यंत हात फिरवला.

जुलैत बाई रजेवरून आल्या. मी पेढे खाल्ले, बाळाचं कौतुक केलं. त्यांनी साठलेले पाहणीचे कागद ओढून घेतले, लाल पेन्सिल काढली. चहा यायच्या आत त्यांचा हात थांबला.

"पाहणीत अजून पाचशे नव्वदच आहे," त्या म्हणाल्या.

मी पाहणी उघडली; ओळ तशीच होती.

"तुम्ही हो हो म्हणाला होतात."

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मामांच्या नोंदीखाली लाल रेघ ओढली, मग खालच्या दोन नोंदींखाली. मामांसारखे आणखीही होते. त्यांची मामी कोण, त्यांचा ओटा कुठला, मला माहीत नव्हतं.

मी साहेबांकडं गेलो. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "अर्ज करायला सांगा. सोबत तुमचा खुलासा जोडा. मेपर्यंतची नोंद वर का गेली नाही ते लिहा."

त्या खुलाशावर मी तीन दिवस बसलो. पहिल्या दिवशी खरं लिहिलं आणि फाडलं. त्या वर्षी माझं लग्न ठरत होतं, आणि प्रोग्रामर म्हणून माझं नाव बढतीसाठी गेलं होतं. तिसऱ्या दिवशी मला एक सुंदर शब्द सापडला. मी लिहिलं, 'सदर नोंद तांत्रिक कारणाने वर पाठविता आली नाही.' तांत्रिक. कुणाचं नाव नाही, कुणाचा हात नाही. मी दोन-तीनदा वाचून बघितलं, फार समाधान वाटलं.

अर्जावर सही करायला मामा आले. खुलासा त्यांनी बोट लावून वाचला.

"तांत्रिक म्हंजे? मंतर-तंतरातलं का?"

"नाही हो. मशीनचं काहीतरी."

"मला वाटलं कुणी करणी केली का काय माझ्यावर," मामा म्हणाले आणि हसले. मीही हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं, त्यांचं नव्हे, माझं.

दिवाळीनंतर पंधरवड्यानं उत्तर आलं. ते मला पाठ आहे. निवृत्तीनंतर जन्मतारखेत बदल करता येत नाही. अपवाद फक्त लेखनिकाची चूक असल्यास. प्रस्तुत प्रकरणी लेखनिकाची चूक असल्याचे कोठेही नमूद नाही. सबब विनंती अमान्य.

लेखनिकाची चूक. म्हणजे मी. सरकारनं नियमात माझ्यासारख्या माणसासाठी एक दार ठेवलं होतं, आणि त्यातून मामांना बाहेर काढता आलं असतं. फक्त मला आत जावं लागलं असतं. मी तांत्रिक लिहून दाराला कडी लावली होती.

दुसरा खुलासा मी त्याच दिवशी लिहिला. खरा. त्यात भज्यांचा उल्लेख नव्हता, चहाचा होता. पण नव्या अर्जावर मामांची सही हवी होती आणि मामा गावात नव्हते. दिवाळी झाली तशी दोघं ऊसतोडीला गेली होती, कोल्हापूरकडं एका कारखान्याला. नवरा-बायकोचं मिळून एक कोयता धरतात. जे इतकी वर्षं दुसऱ्यांच्या उसाला पाणी सोडत होते, ते आता ऊस तोडत होते.

मी त्यांच्या मागं गेलो; तोडकऱ्यांच्या तळावर पोचलो तेव्हा दुपार होती. पाचटाच्या कोप्या, चिखल, बैल. मामी मोळ्या बांधत होती. मला बघून ती थांबली नाही. मामा फडातून बाहेर आले, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी त्यांना बांधावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पेशकार, पाचशे नव्वद, दोन प्रोग्राम, एक दुरुस्त केला, एक राहिला. मशीन बरोबर होतं असं मी म्हणालो तेव्हा मशीन म्हणजे मीच होतो, हेही सांगितलं. तांत्रिक म्हणजे काय तेही.

मामा पाणी प्याले. बराच वेळ ते कोयत्याची मूठ चिंधीनं आवळत बसले.

"म्हंजे करणी तूच केली," ते म्हणाले.

पहिल्यांदाच ते मला भाचेबुवा म्हणाले नाहीत.

मामी मोळी डोक्यावर घेऊन आमच्या शेजारून गेली. ती सगळं ऐकत होती. म्हणाली, "म्या म्हणलं होतं. सासूबाई खोटं न्हाई बोलायच्या." आणि गाडीकडं गेली.

मामांनी सही केली. चिंधीमुळं पेन नीट धरता येईना, म्हणून सही सेवापुस्तकातल्यासारखी आली नाही. मग म्हणाले, "एक कर. हितं मुकादमाला माझं वय इच्यारू नगंस. साठीचा कोयता कोण घेतंय? म्या त्याला पन्नास सांगितलंय." जरा थांबून म्हणाले, "त्ये तेवढं तुझ्या मशीनीत घालू नगंस."

अर्ज गेला. सही जुळत नाही म्हणून एकदा परत आला. पुन्हा गेला. शेवटचं उत्तर त्र्याण्णवच्या पावसाळ्यात आलं. लेखनिकाची चूक मान्य केली होती. पण अर्जदार दुरुस्त तारखेनुसारही यंदाच्या तीस जून रोजी निवृत्त झाले असते आणि मधल्या वर्षात त्यांनी प्रत्यक्ष काम केलेलं नाही, त्यामुळे दहा वर्षं भरत नाहीत. सबब प्रकरण दप्तरदाखल करण्यात येत आहे.

उत्तराची एक प्रत मी मामांना नेऊन दिली. त्यांनी ती न वाचता घडी घालून शाळेच्या उताऱ्यात ठेवली. दिवाळीनंतर ती दोघं पुन्हा उसाला गेली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. मुकादमाकडं मामा पन्नासचेच राहिले.

मी तपासणी एका जागी केली, ती पहिल्या अर्जाचं उत्तर आलं त्याच आठवड्यात. एक ओळ बदलली की भरणी आणि पाहणी दोन्हीकडं बदलावी, अशी. अर्धा दिवस लागला. बाईंनी छापून घेऊन वाचली, लाल पेन्सिल कुठं टेकवली नाही. कागदाच्या खाली त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "आता चहा घ्या."

मी घेतला नाही.